नळीतलं हळदकुंकू

सुई एकशे पस्तीसवर होती आणि विमान चढत होतं. या दोन गोष्टी एकत्र होऊ शकत नाहीत. आमचं विमान चार सीटचं, एका इंजिनाचं. त्यात तीन माणसं, पेट्रोल आणि एक मणभर वजनाचा कॅमेरा. एवढं ओझं घेऊन चढताना ते ताशी ऐंशी मैलांनी जातं, फार तर पंच्याऐंशी. एकशे पस्तीसने ते फक्त नाक खाली करून सूर मारला तरच जाईल.

आम्ही वाशीचा खाडीपूल नुकताच ओलांडला होता. सकाळचे नऊ वाजले असतील. आदल्या दिवशी दसरा झाला होता. पावसाळा संपून आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं होतं आणि आमचा सर्वेचा सीझन सुरू होत होता. सर्वे म्हणजे वरून फोटो काढायचे. खाली नवं शहर उभं राहत होतं. कुठे रस्ता जाणार, कुठे सेक्टर पडणार, कुठलं गाव कुठे राहणार, याचे नकाशे त्या फोटोंवरून बनायचे. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. मी स्वतः तेव्हा वाशीलाच राहायला आलो होतो. आमच्या बिल्डिंगला पाणी एक दिवसाआड यायचं, पण गच्चीवरून खाडी दिसायची.

पुलापर्यंत आम्हाला पंधराशे फुटांवरच राहावं लागे. वरून मोठ्या विमानांची वाट जात असे. पूल ओलांडला की चढायची परवानगी. तोपर्यंत सुई शंभरवर शांत होती. चढायला लागलो आणि ती सरकू लागली. एकशे दहा, एकशे वीस, एकशे पस्तीस.

आता मी पायलट म्हणून काय केलं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण केलं. वेग जास्त दिसला की नाक वर करायचं, हे हाताला शिकवलेलं असतं. हात डोक्याला विचारत नाही. मी नाक वर केलं. सुई एकशे पन्नासवर गेली. मी अजून वर केलं. आणि कानाशी भोंगा वाजायला लागला.

हा भोंगा म्हणजे स्टॉल वॉर्निंग. स्टॉल म्हणजे वेग इतका कमी होतो की पंखांना हवा उचलून धरेनाशी होते आणि विमान दगडासारखं खाली जायला लागतं. म्हणजे माझ्यासमोरची सुई सांगत होती, वेग फार झालाय. आणि कानाशी भोंगा सांगत होता, वेग संपलाय. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि ठरवायला वेळ नव्हता.

मी भोंग्यावर विश्वास ठेवला. नाक खाली, पॉवर पूर्ण. विमान एकदा हललं, डावीकडे झुकलं आणि सावरलं. माझ्या पाठीमागे साठे कॅमेऱ्यावर आपटला. साठे आमचा कॅमेरामन. शिस्तीचा माणूस, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेन्सिल.

"सर, काय झालं?"

मी म्हटलं, थांब. त्याला सांगण्याआधी मला स्वतःला कळायला हवं होतं.

विमानाला वेग कसा कळतो ते दोन ओळींत सांगतो. डाव्या पंखाखाली बोटाएवढी जाड नळी असते, तोंड पुढे. समोरून येणारी हवा तिच्यात घुसते. जितका वेग जास्त, तितका दाब जास्त. तो दाब सुईला ढकलतो. हिला आम्ही पिटो ट्यूब म्हणतो. नळीचं तोंड बंद झालं तर आत अडकलेली हवा तशीच राहते. मग विमान वर गेलं, बाहेरची हवा विरळ झाली, की आतली हवा सुईला उगाच पुढे ढकलते. खाली आलं की सुई मागे जाते. वेगाशी संबंधच उरत नाही.

मी खिडकीतून डावीकडे वाकून बघितलं. नळी दिसली. ती पिवळी होती, आणि टोकाला लाल.

ते हळदकुंकू कोणी लावलं ते मला माहीत होतं.

दसऱ्याला आमच्या हँगरमध्ये पूजा व्हायची. पान्हे, जॅक, ड्रिल, सगळं पाटावर मांडायचं. विमानाच्या पंख्याला झेंडूचा हार. घरची माणसंही यायची. त्या वर्षी माझी आई साताऱ्याहून आली होती. तिने विमान पहिल्यांदा जवळून बघितलं. मी कौतुकाने एकेक भाग दाखवत होतो. नळीवरची कापडी टोपी काढून मी तिला म्हटलं, हे विमानाचं नाक. यातून ते वारा घेतं. हे बंद झालं तर त्याला काही कळत नाही.

आई म्हणजे आई. एवढं महत्त्वाचं नाक म्हटल्यावर तिने त्याची पूजा सगळ्यात मनापासून केली. ओली हळद, ओलं कुंकू, वर अक्षता. मी शेजारी हात जोडून उभा होतो. मग मीच टोपी परत घातली.

सकाळी उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून सगळं तपासायचं असतं. पायलटचं ते काम, दुसऱ्या कुणाचं नाही. मी टोपी काढली, पिवळी नळी बघितली. नळीच्या तोंडात डोकावून बघायचं असतं. खाली पाणी निथळायला एक बारीक भोक असतं, तेही बघायचं असतं. मला आईचा हात आठवला, बरं वाटलं, आणि मी पुढे गेलो. पुसलंसुद्धा नाही. सुरुवातीला वाळलेल्या हळदीत कुठेतरी फट राहिली असणार, म्हणून धावपट्टीवर सुई नीट चालली. नंतर वाऱ्याने तांदळाचा दाणा आत ढकलला आणि ती फटही बुजली.

साठेला मी एवढंच सांगितलं की वेगाची सुई गेली. त्याने विचारलं, म्हणजे उतरायचं कसं? प्रश्न बरोबर होता.

उतरताना आमच्या विमानाला साधारण पंचाहत्तरचा वेग लागतो. साठच्या खाली ते हवेत टिकत नाही. जमिनीपासून पन्नास फुटांवर असं झालं तर सावरायला जागा नसते. उलट वेग जास्त ठेवला तर ते टेकतच नाही, धावपट्टीवरून तरंगत जातं. आणि आमची धावपट्टी आखूड. तिच्या टोकाला भिंत, भिंतीपलीकडे समुद्र.

अनुभवी पायलटला इंजिनाच्या फेऱ्यांवरून वेगाचा अंदाज येतो. मलाही येत असे. पण त्या सीझनला नवा, जड कॅमेरा बसवला होता, आणि त्यासाठी विमानाच्या पोटाला भोक पाडलं होतं. भोकातून वारा ओढला जायचा. जुने आकडे कामाचे उरले नव्हते, नवे अजून हातात बसले नव्हते. नवा कॅमेरा घेऊन त्या विमानाचं ते तिसरंच उड्डाण होतं.

मी रेडिओवर टॉवरला कळवलं. त्यांनी मोठ्या विमानतळाची लांब धावपट्टी देऊ केली. मी विचार केला आणि नको म्हटलं. सुई नसताना डोळ्यांवर उतरावं लागतं, आणि डोळ्यांना ओळखीची जागा लागते. रुंद, लांब पट्टीवर आपण जमिनीच्या किती वर आहोत ते फसतं. आमच्या पट्टीवरचं एकेक नारळाचं झाड मला पाठ होतं. फक्त वेग कळायला हवा होता.

तेवढ्यात मागून म्हात्रे बोलला.

म्हात्रे आमच्याबरोबर खुणा दाखवायला यायचा. खाडीकाठच्या सारसोळे गावचा माणूस, पंचेचाळिशीचा. घरची होडी भावाकडे, हा सर्वेच्या ऑफिसात जमीन मोजायच्या साखळीवर लागला आणि मोजणी शिकला. फोटोत नेमकं मोजमाप मिळावं म्हणून जमिनीवर चुन्याच्या मोठ्या फुल्या काढलेल्या असत. कुठली फुली कुठे, दोन फुल्यांमध्ये किती अंतर, ते फाईलमध्ये मीटरपर्यंत लिहिलेलं असे. म्हात्रे कॅमेऱ्याशेजारी पालथा पडून भिंगातून सरळ खाली बघायचा आणि फुली आली की ओरडायचा.

तो म्हणाला, "सायेब, बोनकोड्याची फुली हाय, सारसोल्याची हाय. मदला अंतर मोजलेला हाय. घड्याल लावा ना."

मला ते सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं. साठेकडे स्टॉपवॉच होतंच, दोन फोटोंमधला वेळ मोजायला. अंतर माहीत, वेळ मोजायची, वेग निघतो. शाळेतलं गणित. वारा असतो, म्हणून एकदा जायचं आणि एकदा उलटं यायचं आणि मधला आकडा धरायचा.

मी दोन हजार फुटांवर विमान सरळ केलं. पॉवर कमी केली, नाक जरासं वर धरलं, भोंगा वाजणार नाही एवढंच. मग ट्रिमचं चाक फिरवून हात सोडला. ट्रिम म्हणजे विमानाला लावलेली सवय. एकदा लावली की विमान तोच वेग धरून राहतं. नंतर पॉवर कमी केली तर वेग बदलत नाही, ते फक्त खाली उतरायला लागतं. म्हणजे इथे वरती योग्य वेग सापडला आणि ट्रिमला हात लावला नाही, तर तोच वेग धावपट्टीपर्यंत घेऊन जाता येणार होता.

साठेने डायलवर चिकटपट्टीने कागद लावला. मीच सांगितलं होतं. खोटी सुई समोर हलत राहिली की डोळे तिकडे जातात.

उत्तरेकडून सुरुवात केली. म्हात्रेने बोनकोड्याला हाक दिली, साठेने घड्याळ दाबलं. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, उजव्या हाताला मिठागरं. खाली तुर्भ्याच्या कारखान्यांचा धूर वाऱ्याने आम्ही जात होतो त्याच दिशेने वाकलेला. इंजिनाचा आवाज एकसारखा होता आणि मला तो प्रत्येक सेकंदाला बदलल्यासारखा वाटत होता. मग म्हात्रे ओरडला, सारसोले. साठे म्हणाला, दोन पन्नास. दोन मिनिटं, पन्नास सेकंद.

वळलो. वळताना विमानाला वेग जास्त लागतो, म्हणून मी इतकं सावकाश वळलो की उरणच्या दिशेने खाडीचं पाणी कितीतरी वेळ संपेचना. मग परत, वाऱ्याच्या तोंडावर. तीन मिनिटं पस्तीस.

साठेने फाईल उघडली. सात हजार सहाशे मीटर. मांडीवर कागद ठेवून तो गणित करत होता. हिशोब त्याने दोनदा केला.

"सर, नव्वद मैल."

मला हायसं वाटलं. नव्वद म्हणजे पुष्कळ. पंधरा कमी केले की पंचाहत्तर. मी ट्रिमच्या चाकाला हात घातला, नाक अजून वर करायला.

मागे काही तरी हललं. म्हात्रे पालथा होता तो उठून गुडघ्यांवर बसला होता. माझ्या सीटच्या पाठीला त्याने हात लावला.

"सायेब, एक सांगाचा हाय. चाक फिरवू नका."

मी म्हटलं, लवकर सांग.

"बोनकोड्याची फुली फाईलमंदी हाय तिथं नाय."

मी मागे वळून बघितलं. विमान चालवताना तसं बघू नये. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. चोरी पकडली गेल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता, आणि पकडलं कोणीच नव्हतं.

"मंजूर जागेवर भात उभा होता. कापनीला आला होता. ती मानसा हात जोडून उभी रायली. कसा तुडवाचा? मी फुली खाली देवलाजवल घेतली. सायबाला सांगितला नाय."

"किती खाली?"

"आठशे मीटर. दक्षिनेला. मी सोता साखली टाकून मोजलाय, माज्या वहीत हाय."

साठे चिडला. त्याचं बरोबर होतं. अख्ख्या सीझनचे फोटो त्या फुल्यांवर बसवायचे होते. तो म्हणाला की ऑफिसची फाईल खरी मानायची की ह्याची वही? सरकारी मोजणी आहे ती. म्हात्रेने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सायेब, मी पन तुमच्याच संगं बसलोय," तो मला म्हणाला.

मी साठेला सांगितलं, अडुसष्टशे धर. परत गणित. इंजिन चालू होतं, साठेची पेन्सिल चालू होती. आकडा आला ऐंशी.

ऐंशी. म्हणजे फाईलवर विसंबून मी पंधरा कमी केले असते तर आम्ही पासष्टने खाली आलो असतो. समुद्राकडून वाऱ्याचा एक झटका, आणि खेळ आटोपला असता. नाही तर म्हात्रे खोटं बोलत होता आणि फाईल खरी होती. मग ऐंशी समजून मी नव्वदने उतरणार होतो, भिंतीपाशी थांबता येतं का ते बघायला.

मी म्हात्रेवर विश्वास ठेवला. का, ते अजूनही नीट सांगता येत नाही. नोकरी जाईल असं कबूल करणारा माणूस त्या क्षणी खोटं कशाला बोलेल, असा विचार नंतर केला. तेव्हा विचार नव्हता केला. तेव्हा फक्त चाकावरचा हात काढला.

परतीच्या वाटेवर पूल ओलांडताना म्हात्रे परत आपल्या जागी पालथा पडला, पाहायला काही नव्हतं तरी. साठे सीटबेल्टचं बक्कल उघडून परत लावत होता. टॉवरने सांगितलं, पट्टी मोकळी आहे, आगीचा बंब उभा आहे. बंबाचं ऐकून कोणाला धीर येतो ते मला माहीत नाही. मला आला नाही.

पट्टीच्या समोर आलो. पॉवर हळूहळू कमी केली. विमान सवय लावल्याप्रमाणे नाक त्याच तोऱ्यात ठेवून खाली निघालं. फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांमागे खाली सोडतात त्या पट्ट्या, मी सोडल्या नाहीत. त्या सोडल्या की ट्रिमचा हिशोब बिघडतो. नारळ आले, ओळखीचे. रस्ता आला, त्यावर सायकलवाले थांबून वर बघत होते. वाऱ्याच्या एका झटक्याने विमान हवेतच खाली दबलं, भोंगा अर्धा सेकंद कुरकुरला आणि गप्प झाला. पट्टी सुरू झाली, पॉवर बंद केली, चाकं लागली, उडाली, परत लागली. मग ब्रेक. भिंत आली, भिंतीवर लिहिलेली अक्षरं वाचता यायला लागली, आणि विमान थांबलं.

साठे खाली उतरून गवतात बसला. म्हात्रे आपली पिशवी घेऊन शांतपणे उतरला, पण त्याला चप्पल सापडेना. ती त्याच्याच पायात होती.

आमचे चीफ इंजिनियर नाडकर्णी जीपमधून आले. नळीकडे गेले, वाकले, तोंडात टाचणी घातली. टाचणीवर पिवळा गोळा आणि तांदळाचा दाणा आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते दसऱ्याला होते. कोणी काय केलं ते त्यांनाही माहीत होतं, आणि सकाळी विमान ठीक असल्याची सही त्यांचीही होती.

दुपारी मॅनेजरच्या केबिनमध्ये रिपोर्ट लिहायला बसलो. मॅनेजर चांगला माणूस होता, माझं आणि नाडकर्णींचं पोट सांभाळायला बघत होता. तो म्हणाला, कुंभारीण माशी लिहा. ही माशी कुठल्याही भोकात मातीचं घर करते. पावसाळ्यानंतर हँगरमध्ये भरपूर असतात. जगभर विमानांच्या नळ्या त्या बुजवतात. कोणाचीच चूक नाही, फाईल बंद. नाडकर्णी खिडकीबाहेर बघत होते. मी पेन उचललं. खरं सांगतो, मी 'कुंभा' एवढं लिहिलंही होतं.

बाहेर बाकावर म्हात्रे बसला होता. सर्वेच्या साहेबांना त्याने बोलावून घेतलं होतं. दार अर्धवट उघडं होतं आणि त्याचा आवाज आत येत होता. फुली कुठे होती, कुठे घेतली, भात कोणाचं होतं, अंतर किती. त्याला कोणी विचारलेलं नव्हतं. हवेत सांगितलं ते आमच्यात राहिलं असतं. साठेही संध्याकाळपर्यंत विसरला असता.

मी लिहिलेलं खोडलं. खाली लिहिलं की नळीत पूजेची हळद व अक्षता अडकल्या, आणि उड्डाणपूर्व तपासणीत मला हळद दिसूनही मी नळीचं तोंड तपासलं नाही. मॅनेजरने कपाळाला हात लावला.

मला तीन महिने जमिनीवर बसवलं, उड्डाण बंद. नाडकर्णींना ताकीद मिळाली. माझ्याशी ते वर्षभर कामापुरतंच बोलले, आणि त्यात मला वावगं वाटलं नाही. म्हात्रेला परत साखळीवर पाठवलं, विमानात घेणं बंद केलं. भात कापून झाल्यावर फुली मंजूर जागेवर काढली गेली. ती काढायला त्यालाच पाठवलं होतं.

घरी आईच्या लक्षात आलं की मी कामाला जात नाही. चौथ्या दिवशी तिने विचारलं. सुट्टी आहे असं सांगायचं मी ठरवलं होतं, पण खरं सांगितलं. हातातली भाजी तशीच राहिली.

"म्हणजे माझ्यामुळे रे?"

"नाही," मी म्हटलं, "तू तुझं काम नीट केलंस. मी माझं केलं नाही."

तिला ते पटलं नाही. माझ्या विमानाची पूजा तिने परत कधी केली नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे मी नव्या पायलटना शिकवायला लागलो. पिटो ट्यूबच्या धड्यात पुस्तकात माशी, बर्फ, पाणी असं सगळं असतं. ते सगळं मी शिकवायचो. शेवटी सांगायचो की नळीवर आपल्या माणसाचा हात फिरलेला असेल, तर ती दोनदा बघा.